कॅनचे अल्बम कसे ऐकावेत: आधी ठेका, मग कात्री

जर्मनीतल्या कोलोनच्या कॅन या बँडचे नाव कानावर आले की बहुतेक जण सगळ्यात गाजलेला ‘टागो मागो’ लावतात. पहिली पस्तीस-चाळीस मिनिटे भारावून ऐकतात, आणि मग दोन तबकड्यांच्या (चार बाजूंच्या) या अल्बमच्या तिसऱ्या बाजूवरच्या सतरा मिनिटांच्या घुमणाऱ्या, किंचाळणाऱ्या आवाजांपाशी हात टेकतात. पुढे कॅन राहून जातो तो कायमचाच. क्रम थोडा बदलला तर हाच अल्बम उलगडत जातो. हा क्रम कसा लावायचा आणि प्रत्येक टप्प्यावर कान कुठे ठेवायचा, ते पुढे दिले आहे.

हे संगीत घडले कसे

बँड १९६८ मध्ये सुरू झाला. बेस वाजवणारे होल्गर चुकाय आणि कीबोर्डवरचे इर्मिन श्मिट हे दोघेही संगीतकार श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी. ड्रमवादक याकी लीबेत्साइट मुक्त जॅझ सोडून आलेले, तर गिटारवादक मिखाएल करोली वयाने सर्वांत लहान आणि चुकाय यांचाच शिष्य. गायक दोन झाले: १९७० पर्यंत अमेरिकन चित्रकार-शिल्पकार माल्कम मूनी, आणि १९७० ते १९७३ दामो सुझुकी. सुझुकी म्युनिकच्या रस्त्यावर गाताना चुकाय आणि लीबेत्साइट यांना दिसले आणि त्याच रात्री मंचावर उभे राहिले.

आधी न्योर्वेनिशच्या गढीत आणि १९७१ च्या अखेरीपासून वाइलर्सविस्टमधल्या जुन्या चित्रपटगृहात त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून तिथल्या भिंतींवर लष्करी गाद्या ठोकलेल्या होत्या. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ पाहून वाजवावे लागते, इथे तासन्‌तास वाजवता येत असे. सगळे एकाच खोलीत, न ठरवता वाजवत आणि ते दोन ट्रॅकच्या (आवाजाच्या दोनच पट्ट्यांच्या) टेपवर उतरत असे. दोन ट्रॅक म्हणजे कोणाची चूक मागाहून वेगळी काढता येत नाही, कोणाचा आवाज नंतर वर-खाली करता येत नाही. हाती उरते ते एकच हत्यार: पाते. चुकाय लांबलचक सत्रांच्या टेप कापून, जोडून त्यांतून गाणी घडवत. गटाचे लोक याला मुक्त वादन न म्हणता तत्क्षण रचना म्हणत, आणि तो शब्दभेद महत्त्वाचा आहे. कॅन ऐकायचा म्हणजे दोन गोष्टी ऐकायच्या: खोलीत काय घडले, आणि नंतर पात्याने त्याचे काय केले.

तयारी

फोनच्या स्पीकरवर हे संगीत अर्धेच ऐकू येते. चुकाय यांचा बेस मोजक्याच स्वरांचा आहे. तो गेला की उरलेले सारे अधांतरी वाटते. साधे पण कानभर बसणारे हेडफोन किंवा खालचे स्वर नीट देणारे स्पीकर पुरेत.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासा. शफल बंद. दोन गाण्यांमधली मोकळी जागा शून्य, कारण ‘टागो मागो’वर ‘मशरूम’ स्फोटात संपते आणि ‘ओ येआ’ स्फोटातूनच सुरू होते. मध्ये सेकंदभराची शांतता आली तरी तो धक्का वाया जातो. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असेल तर ती गाण्यागणिक न ठेवता पूर्ण अल्बमसाठी ठेवा.

वाढीव आवृत्त्यांपासून जरा सावध. ‘टागो मागो’च्या चाळीस वर्षांनिमित्त निघालेल्या आवृत्तीत १९७२ च्या मंचीय वादनाची वेगळी डिस्क आहे. ती उत्तम आहे, पण पहिल्या बैठकीत मूळ अल्बमला जोडून ऐकू नका. अल्बम जिथे संपायचा तिथे संपू द्या.

एका बैठकीला एलपीची (जुन्या मोठ्या तबकडीची) एक बाजू, म्हणजे साधारण वीस मिनिटे. या मापाला धरूनच हे अल्बम कापले गेले आहेत.

पहिला टप्पा: ‘एगे बाम्यासी’ (१९७२), मागून पुढे

सुरुवात इथून करा, तीही शेवटच्या गाण्यापासून. ‘स्पून’ जेमतेम तीन मिनिटांचे. जर्मन दूरचित्रवाणीवरील एका मालिकेचे हे शीर्षकगीत तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात पोहोचले होते. यात ताल देणारे यंत्र आणि लीबेत्साइट एकत्र वाजतात. यंत्राची टिकटिक आणि माणसाचा हात वेगळे काढून ऐकायचा प्रयत्न करा. मग ‘व्हिटॅमिन सी’ ऐका. त्यानंतर पहिल्या गाण्यापासून सलग, चाळीस मिनिटे.

‘सूप’ हे दहा मिनिटांचे गाणे दुसऱ्या अर्ध्यात विस्कटते. तिथे पुढे ढकलण्याचा मोह होईल. ढकलू नका, ‘टागो मागो’च्या तिसऱ्या बाजूची ही लहान तालीम आहे.

दुसरा टप्पा: एकच बाजू, तीनदा

आता ‘टागो मागो’ (१९७१) उघडा, पण फक्त दुसरी बाजू ऐका: ‘हालेलूवा’, सुमारे साडेअठरा मिनिटे. या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा.

पहिल्या वेळी फक्त ड्रम ऐका. लीबेत्साइट एक ठेका धरतात आणि जवळपास शेवटपर्यंत तो सोडत नाहीत. तो यंत्रासारखा वाटतो, पण प्रत्येक आवर्तनात कुठे तरी एखादा आघात किंचित जड, एखादा हलका असतो. बदल मोठ्या उसळीत शोधलात तर काहीच घडत नाही असे वाटेल. हीच कॅनबाबतची सर्वांत नेहमीची चूक: आपण मुखडा आणि कळस यांची वाट पाहत बसतो आणि इथे बदल ठेक्याच्या आत चाललेला असतो.

दुसऱ्या वेळी इतरांचे येणे-जाणे ऐका. करोली कधी गिटार, कधी व्हायोलिन घेतात. श्मिट यांचा कीबोर्ड बराच वेळ गप्प राहतो आणि मग एखाद्याच डागाने अख्खा रंग बदलून जातो. कोणीही सतत पुढे नाही. सुझुकी शब्दांच्या ओघात याच अल्बमच्या पहिल्या बाजूवरच्या गाण्यांची नावे घेतात, तेही सापडेल.

तिसऱ्या वेळी कात्री शोधा. खोलीचा घुमारा अचानक बदलतो, एखाद्या वाद्याची शेपटी तुटते, ठेका नाहीसा होऊन पुन्हा उगवतो, तो सांधा. सापडलेली वेळ कागदावर लिहून ठेवा. तीन-चार सांधे सापडले तरी पुष्कळ. पुढचा प्रत्येक अल्बम यामुळे सोपा होतो, कारण एक अखंड गाणे ऐकण्याऐवजी निवडलेल्या क्षणांची मांडणी ऐकू येऊ लागते.

तिसरा टप्पा: मागे, मूनीकडे

‘मॉन्स्टर मूव्ही’ (१९६९) हा पहिला प्रकाशित अल्बम. त्याची पूर्ण दुसरी बाजू म्हणजे ‘यू डू राइट’, वीस मिनिटे. कित्येक तास चाललेल्या वादनातून कापून काढलेली. मूनी एका पत्रातल्या ओळी पुनःपुन्हा म्हणत राहतात. सुझुकींचा आवाज ठेक्यावर तरंगतो, मूनींचा ठेक्याला धडका देतो. हा फरक कळावा म्हणून दोघांना आलटूनपालटून ऐका.

त्यासाठी ‘साउंडट्रॅक्स’ (१९७०) हाताशी आहे. चित्रपटांसाठी केलेल्या गाण्यांच्या या संग्रहात दोन्ही गायक आहेत. त्यातले साडेचौदा मिनिटांचे ‘मदर स्काय’ गिटारच्या ऐन भरातच सुरू होते, आधी काहीही नसताना. हाही पात्याचाच निर्णय.

चौथा टप्पा: ‘टागो मागो’ संपूर्ण

आता चारही बाजू, पण दोन दिवसांत. पहिल्या दिवशी पहिली आणि दुसरी बाजू. दुसऱ्या दिवशी तिसरी, थोडी विश्रांती, मग चौथी.

तिसऱ्या बाजूवरच्या ‘आउम्न’मध्ये सुझुकींचे गाणे शोधू नका, तो खर्जातला आवाज श्मिट यांचा. इथे बराच वेळ ठेका नाही, म्हणून कानाला धरायला जागा नाही. दिवे मंद करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि जवळचा-दूरचा एवढाच फरक ऐका: कोणता आवाज समोर आहे, कोणता प्रतिध्वनीत मागे गेला आहे. चौथ्या बाजूवरचे ‘पेकिंग ओ’ त्याहून वेडेवाकडे आहे. नाही आवडले तरी त्यानंतरच्या शेवटच्या गाण्यापर्यंत थांबा. त्यातला निवांतपणा आधीच्या गोंधळाशिवाय कळत नाही.

पाचवा टप्पा: पाण्यासारखे अल्बम

‘फ्यूचर डेज’ (१९७३) सुझुकींसह शेवटचा. इथे गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या पातळीला, कधी त्याहून खाली ठेवला आहे. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवत नेलात तर पोत बिघडतो. दुसरी बाजू व्यापणारे ‘बेल एअर’ सलगच ऐका. माझ्या मते कॅनने याहून सुंदर वीस मिनिटे केली नाहीत. लगेच पुढे ‘सून ओव्हर बाबालूमा’ (१९७४): गायक उरलेला नाही, करोली आणि श्मिट गाण्याचे काम वाटून घेतात, आणि ‘चेन रिॲक्शन’मधून ‘क्वांटम फिजिक्स’मध्ये जाताना ठेका हळूहळू विरत जातो.

‘लँडेड’ (१९७५) पासून बहुट्रॅक यंत्र आले. वाद्ये वेगळी ध्वनिमुद्रित होऊ लागली तसे एकमेकांना ऐकत वाजवणे कमी झाले, आणि ते कानाला कळते. ‘फ्लो मोशन’ (१९७६) आणि ‘सॉ डिलाइट’ (१९७७) एकदा ऐका. दुसऱ्यात बेस रॉस्को जी यांच्याकडे गेला आहे आणि चुकाय लघुलहरींचा रेडिओ व टेप हाताळतात. ‘आउट ऑफ रीच’ (१९७८) मध्ये तर चुकाय नाहीतच. तो सर्वांत शेवटी ठेवा.

त्यापेक्षा आधी उरलेल्या टेपांकडे वळा. ‘डिले १९६८’ (१९८१), ‘अनलिमिटेड एडिशन’ (१९७६) आणि तीन डिस्कचा ‘द लॉस्ट टेप्स’ (२०१२) सलग ऐकण्यासाठी नाहीत; बैठकीला चार-पाच तुकडे पुरे.

मंचीय ध्वनिमुद्रणांची मालिका २०२१ पासून येऊ लागली. ‘लाइव्ह इन स्टुटगार्ट १९७५’ आधी घ्या. गाण्यांना नावे नाहीत, जर्मन आकडे आहेत. ओळखीची एखादी धून येते आणि हरवते. इथे पाते चाललेले नाही, म्हणून दुसऱ्या टप्प्यात लिहिलेला सांध्यांचा कागद जवळ ठेवून ऐका: चुकाय यांनी कुठे कापले असते, तिथे खूण करा.