सेल्व्हेज लिहिताना या चुका टाळा

सोलापूरचे टॉवेल आणि चादरी परदेशी जातात, तेव्हा सोबत इंग्रजीतली कोटेशनं आणि स्पेसिफिकेशन शीटही जातात. त्यांत हमखास चुकणारा शब्द म्हणजे सेल्व्हेज. कापड विणतानाच तयार होणारी, न उसवणारी कड.

सगळ्यात महागात पडते ती एका अक्षराची चूक: एस पुढे ई ऐवजी ए. मग शब्द होतो सॅल्व्हेज, म्हणजे बुडत्या जहाजातून किंवा आगीतून वाचवलेला माल. विम्याच्या भाषेत तर नुकसान झालेल्या मालाच्या उरलेल्या किमतीला सॅल्व्हेज म्हणतात. नव्याकोऱ्या टॉवेलांच्या कोटेशनमध्ये हे वाचून खरेदीदार बिचकणारच. स्पेलचेकवर विसंबू नका. सॅल्व्हेज हाही खरा शब्द असल्याने तो चूक दाखवत नाही. सेल्फ आणि एज मिळून सेल्व्हेज हा शब्द झाला, एवढं लक्षात ठेवलं की ई सुटत नाही. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी ई-डी-जी-ई येतं, अमेरिकेत ए-जी-ई. दोन्ही बरोबर, ग्राहक लिहील ते ठेवा. उच्चार मात्र दोन्हींचा ‘सेल्व्हिज’च्या जवळचा.

दुसरा घोळ आपल्या ‘किनार’ शब्दामुळे होतो, कारण आपण सगळ्याच कडांना किनार म्हणतो. धोट्याच्या मागाजवळ उभं राहून पाहा. बाण्याचा म्हणजे आडवा धागा कडेपर्यंत जातो, शेवटच्या ताण्याला म्हणजे उभ्या धाग्याला वळसा घालून परत फिरतो, आणि या वळशांनीच कड बंद होते. ती सेल्व्हेज. दुमडून शिवली ती हेम. टॉवेलच्या टोकाजवळचा सपाट, नक्षीचा आडवा पट्टा तो बॉर्डर. धोट्याऐवजी दांड्याने बाणा ओढणाऱ्या रेपियर मागावर बाणा प्रत्येक फेरीला कापला जातो आणि कडेला धाग्यांची टोकं सुटतात; ती लेनो (कडेच्या ताण्यांना पीळ देऊन) किंवा टक-इन (टोकं आत दुमडून) पद्धतीने बांधावी लागतात. म्हणून शीटमध्ये नुसतं सेल्व्हेज न लिहिता प्रकारही लिहा. माझ्या मते मालाच्या तक्रारी टाळायला याइतका सोपा उपाय नाही.

शिवणकाम शिकणाऱ्यांनी ताणा नेहमी सेल्व्हेजला समांतर असतो हे ध्यानात ठेवावं. पॅटर्न त्यावरूनच लावायचा. पण ही कड शिवणीत घेऊ नका. ती घट्ट विणलेली असते, धुतल्यावर वेगळी आटते आणि शिवण गोळा होते.

कुलपाच्या संदर्भात हाच शब्द दिसला तर कापड शोधू नका. जिच्यातून कुलपाचा खटका बाहेर येतो, त्या कडेच्या पट्टीलाही सेल्व्हेज म्हणतात.