घोडी तंग आवळताना चावायला लागली, तेव्हा काय केलं

माथेरानला गाड्या बंद, त्यामुळे आमचं पोट घोड्यांवरच. माझी घोडी ८ वर्षांची, एकदम शांत, पण पावसाळ्यानंतर सीझन सुरू झाला आणि तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळला की कान मागे पाडून चावायला यायची, डावीकडे वळायला कुरकुर, उतारावर पावलं आखूड. सगळे म्हणाले माजलीय, दोन फटके दे. मलाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस खोगीर काढलं तर पाठ घामाने ओली आणि उजव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग, म्हणजे तिथे खोगीर दाबत होतं. बोटं फिरवली तर कातडी थरथरली आणि पाठ खाली दबली.

डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पाय, नाल, दात सगळं बघितलं, लंगडत नाही म्हणाले, पाठीचे स्नायू आखडलेत. सवारी १० दिवस बंद, धंदा बुडाला तो बुडाला. खोगिराची एका बाजूला बसलेली गादी नवीन भरून घेतली. रोज आधी थोडं चालवून अंग गरम करायचं, मग खरारा, मग तळहाताने मणक्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू मालिश, मणक्यावर अजिबात दाब नाही, आणि जिथे सूज किंवा गरम लागेल तिथे तर हातच लावायचा नाही.

चौथ्या दिवशी मालिश चालू असताना खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले आणि भलीमोठी जांभई दिली. आता तंग दोन टप्प्यात आवळतो, चावत नाही. गाजर उशिरा दिलं तर मात्र अजून चावते.