एसएनएमपीने राउटरवर लक्ष ठेवताय? या चुका टाळा

गिगाबिटची लिंक, एसएनएमपीने (नेटवर्कमधल्या उपकरणांना माहिती विचारण्याची पद्धत) दर 5 मिनिटांनी पोलिंग, म्हणजे राउटरला आकडे विचारणं, आणि ग्राफ काही केल्या 114 एमबीपीएसच्या वर चढत नाही. युजर नेट स्लो म्हणून ओरडताहेत आणि आपण ग्राफ दाखवून सांगतोय, लिंक तर रिकामीच आहे! राउटरचा यात काही दोष नाही. आपण काउंटर चुकीचा घेतलाय. इफ-इन-ऑक्टेट्स, म्हणजे इंटरफेसवर आलेले बाइट मोजणारा काउंटर, 32 बिटांचा आहे. साधारण 429 कोटी बाइट मोजले की पुन्हा शून्यावर. भरलेल्या गिगाबिट लिंकवर त्याला जेमतेम 34 सेकंद पुरतात. म्हणजे दोन पोलिंगच्या मध्ये तो आठ वेळा फिरून येतो आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. 64 बिटांचा इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स घ्या. मात्र तो एसएनएमपीच्या व्हर्जन 1 वर मिळत नाही, किमान व्हर्जन टू-सी लागतं.

टाइमआउट दिसला की राउटर डाऊन, हीही घाईच. कम्युनिटी स्ट्रिंगमध्ये (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) एक अक्षर लहानमोठं झालं तरी राउटर 'चुकलं' असं सांगत नाही, गप्प बसतो. पिंग चालतंय ना? मग मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी राउटरच्या अॅक्सेस लिस्टमध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) आहे का बघा. तरी जमेना तर सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून एसएनएमपीचा पोर्ट, यूडीपी 161 पाहा. कधी कधी उत्तर येतं, पण राउटरच्या भलत्याच इंटरफेसच्या आयपीवरून, आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. ट्रॅप, म्हणजे राउटरने स्वतःहून पाठवलेले इशारे, उलट्या दिशेने, पोर्ट 162 वर येतात. त्यांची वाट वेगळी मोकळी करावी लागते. ट्रॅपला पोच नसते, वाटेत हरवला तर हरवला. महत्त्वाच्या अलार्मसाठी पोच मिळणारे इन्फॉर्म वापरा.

'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' हे सर्वांना ठाऊक असलेले कम्युनिटी स्ट्रिंग अजून तसेच असतील तर आजच बदला. तेवढ्यावर निश्चिंतही होऊ नका, कारण टू-सीमध्ये स्ट्रिंग उघडीच जाते. व्हर्जन 3 ऑथ-प्रिव्हसह (ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही) लावणं हाच खरा उपाय. त्यातली मेख अशी की पासवर्डपासून बनणारी गुप्त किल्ली राउटरच्या इंजिन आयडीला (त्याच्या एसएनएमपी ओळख क्रमांकाला) बांधलेली असते. शिवाय सिस्को आयओएसच्या रनिंग कॉन्फिगमध्ये व्ही-3 चे युजर दिसत नाहीत. राउटर बदलून जुनं कॉन्फिग जसंच्या तसं चिकटवलं, की बाकी सगळं चालतं आणि मॉनिटरिंग तेवढं बंद. युजर नव्याने बनवावे लागतात.

रीबूटनंतर किंवा कार्ड बदलल्यावर एका ग्राहकाचा ट्रॅफिक दुसऱ्याच्या ग्राफवर दिसू लागला, तर इफ-इंडेक्सचे, म्हणजे राउटरने इंटरफेसना दिलेले, नंबर सरकलेत. सिस्कोवर 'इफइंडेक्स पर्सिस्ट' चालू करा, किंवा ग्राफ इफ-नेमवर (इंटरफेसच्या नावावर) बांधा.

आणि 497 दिवसांनी सिस-अपटाइम (राउटर किती वेळ चालू आहे ते सांगणारा आकडा) शून्यावर आला तर मध्यरात्री डेटा सेंटर गाठू नका. तोही 32 बिटांचाच, सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा. आधी लॉग उघडा.