सगळं थोडं थोडं करायचं की एकाच गोष्टीत घुसायचं?

ऑफिसच्या आयटीत केबल ओढण्यापासून पासवर्ड रिसेटपर्यंत सगळं तुम्हीच बघता आणि आता सिक्युरिटी नाहीतर डेटाबेस स्पेशालिस्टची ऑफर आलीय, तर हो म्हणायच्या आधी गेल्या ३ महिन्यांची स्वतःची तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी-कामांच्या नोंदी, उघडून बसा. कुठली आपणहून उचललीत, कुठली दोन-दोन दिवस ढकललीत ते बघा, मन काहीही सांगतं हो, तिकिटं खोटं बोलत नाहीत.

मग तिथं काम करणाऱ्यालाच विचारा की साधा मंगळवार कसा जातो. पदाच्या नावावर अजिबात जाऊ नका, सिक्युरिटी म्हटलं की हॅकर पकडणं डोळ्यासमोर येतं, पण जागा कम्प्लायन्सकडची, म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघणारी असेल, तर आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चे कंट्रोल, म्हणजे त्यातले सुरक्षेचे उपाय, तपासा, पुरावे गोळा करा, एक्सेल भरा, परत मीटिंग, सर्व्हरला हातही लागत नाही. काहींना तेच आवडतं बरं का, मला दोन आठवड्यात झोप आली असती!

ऑन-कॉल, म्हणजे ड्युटीबाहेरही फोन आला की कामाला लागणं, किती ते आधीच विचारा, डेटाबेसवाल्यांना रात्री बॅकअप फेल झाला की उठावं लागतंच.

अजून एक, स्किल एकाच कंपनीच्या प्रॉडक्टला बांधलेलं आहे का? एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्किंग कुठंही चालतं, पण एखाद्या टूलचे नुसते मेनू पाठ असतील तर ते टूल गेलं की तुम्ही पण अडकलात.

जमलं तर सध्याच्याच ऑफिसात त्या टीमचं एखादं छोटं प्रोजेक्ट मागून घ्या, राजीनामा काय, नंतरही देता येतो.