स्टेटस रोज, तरी गुगलवर आमची हळद सापडेना: माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून वायगाव हळद विकतो. रोज व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, रील. तरी "भाऊ, ही हळद महाग काहून?" हा प्रश्न दररोज नव्यानं यायचा, आणि गुगलवर शोधलं तर आम्ही कुठंच नाही. रीलची संख्या वाढवली, पैसे देऊन जाहिरात केली, फरक शून्य. दोन हंगाम जीव मेटाकुटीला आला होता.

कारण साधं होतं. स्टेटस 24 तासांत जातं, आणि आमची सगळी माहिती फोटोत नाहीतर बोलण्यात. शोधायला मजकूरच नव्हता.

मग ब्लॉगरवर (गुगलची ब्लॉग लिहायची सेवा) मोफत साइट उघडली. एका प्रश्नाला एक लेख. शीर्षक गिऱ्हाईक विचारतं त्याच शब्दांत, उत्तर पहिल्याच परिच्छेदात: उकळणं, वाळवणं, 2016 चं भौगोलिक मानांकन (जीआय). प्रकाशित करण्याआधी ‘पर्मालिंक’मध्ये (लेखाचा कायमचा पत्ता) ‘कस्टम’ निवडून इंग्रजी अक्षरांत छोटी लिंक दिली; हे नंतरवर टाकू नका. सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिनांना दिसेल’ चालू केलं. शेवटी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गुगलचं साधन) साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, भरला आणि लिंक तपासून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबलं, म्हणजे हे पान शोधात घ्या अशी गुगलला विनंती केली.

स्टेटस बंद केलं नाही. आता त्यात त्या लेखाची लिंक असते. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं लेख वाचूनच फोन केला, भाव विचारलाच नाही.