रॉक मेलं म्हणतेत, तरी परभणीत बँड काढायचाय? मग हे वाचा

आधी एक डोक्यातून काढून टाका, की कुणीतरी तुम्हाला शोधत येणारे. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमनं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत मायकल जॅक्सनला खाली ओढून पहिला नंबर काढला, ते दिवस गेले. २०१७ ला गाण्यांचा खप मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या हिशोबात तिकडं हिपहॉप अन् आरअँडबीनं मिळून रॉकला मागं टाकलं. रॉकमधलं बंड तर त्याच्या लई आधी बाजारात विकायला उभं होतं, १९८७ ला बीटल्सचं 'रेव्होल्यूशन' बुटाच्या जाहिरातीत वाजलं की! पण मला विचाराल तर मोठं कारण साधं आहे, खर्चाचं. रॅपवाल्याला मोबाईल, एक बीट (तयार ठेक्याचा ट्रॅक) अन् एक माईक पुरतो, बँडला चार माणसं, त्या चौघांचा एकच रिकामा दिवस अन् शेजारी भांडायला येणार नाहीत अशी खोली लागते. म्हणून नुसता राग काढायचा असेल तर सरळ रॅप करा, स्वस्तात होतं. इलेक्ट्रिक गिटारच्या फाटक्या आवाजाचा (डिस्टॉर्शनचा) नाद असेल तरच पुढं वाचा.

तर हा फाटका आवाज. पोरं आधी गिटारचा आवाज फाडणारं महागडं पेडल बघत बसतेत, त्याच्यावाचूनही होतं. लिंक रे या अमेरिकी गिटारवाल्याचं १९५८ चं 'रंबल' घ्या, त्या आवाजासाठी त्यानं ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती, गाण्यात एक शब्द नाही तरी काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायचं बंद केलं. १९६४ ला किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं त्याच आवाजासाठी स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला. आता सांगा, आपल्या वरातीत टेम्पोवर वाजणारा इलेक्ट्रिक बेंजो काय वेगळा असतो? आवाज फुल, भोंगा आधीच फुटलेला, अन् बेंजोवाला वरच्या पट्टीत गेला की अंगावर काटा. म्हणून माझा पहिला सल्ला, पुण्यामुंबईच्या क्लासचे व्हिडिओ बघायच्या आधी गावातल्या बेंजो पार्टीकडं जा. ड्रमर तिथंच भेटतो. हलगी नाहीतर कच्ची ढोल वाजवणारा पोरगा दोन महिन्यात ड्रमवर बसतो, कारण तीन तास न थांबता ठेका धरायची सवय त्याला आधीच असते.

गिटारवाल्यानं सुरुवातीला एकच गोष्ट शिकायची, पॉवर कॉर्ड. सगळ्यात जाड तार, तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी), तिथं पहिलं बोट. तिच्या लगेच खालची, म्हणजे पाचवी तार, पाचवा फ्रेट, तिथं तिसरं बोट. बाकी तारा बोटानं हलकंच दाबून गप करायच्या अन् दोनच तारा ठोकायच्या. झाला जी (G) सुराचा पॉवर कॉर्ड. हाच आकार तसाच वर-खाली सरकवत न्यायचा. यात फक्त षड्ज अन् पंचम आहे, गंधार नाही, म्हणून आवाज कितीही फाडला तरी चिखल होत नाही. बोटं दुखतेत म्हणणाऱ्याला ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याचं सांगा, पत्र्याच्या कारखान्यात मशीनीत उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली (गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात), त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, पुढं तारा ढिल्या केल्या अन् त्यातून तो जडशीळ आवाज आला.

खोली. आडत दुकानामागचं गोदाम सगळ्यात बेस्ट, सीझन संपला की रिकामंच असतं. अंड्याचे ट्रे चिकटवत बसू नका, त्यानं बाहेर जाणारा आवाज काही थांबत नाही. घरातल्या जुन्या वाकळा भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा, खोलीतला घुमारा तरी बसतो. वर पत्रे असतील तर उन्हाळ्यात दुपारची प्रॅक्टिस विसरा, गिटार तापून सूर सोडते अन् माणसं त्याच्याही आधी सोडतेत.

अन् आर्थिंग! हे मी हसण्यावारी नेलं होतं. एका प्रॅक्टिसला गिटार गळ्यात घालून माईकला ओठ लावला अन् असा झटका बसला की दोन दिवस चहा पिताना ओठ झोंबत होता. ॲम्प एका बोर्डावर, माईकचं मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, अन् एका बोर्डाला आर्थिंगच नाही, असं असलं की मधी तुम्ही वायर होता. वायरमनला बोलवून आर्थिंग तपासून घ्या अन् सगळं सामान त्याच एका बोर्डावरून चालवा, शे-दोनशे रुपयांसाठी मागंपुढं बघू नका.

गाणी स्वतःची अन् मराठीत. इंग्रजी शिव्या घोकून परभणीत कुणाला राग येणारे? २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पीकविम्याच्या याद्या, नीटच्या क्लासच्या फिया, विषय रोज दारात येऊन पडतेत. चाल बसत नसेल तर १४ जानेवारीला संभाजीनगरला विद्यापीठ गेटवर जाऊन उभं राहा, नामविस्तार दिनाचे शाहीर अन् भीमगीतं ऐका. मेनस्ट्रीममधून बंड गेलं म्हणून रडणाऱ्यांनी तर नक्कीच जावं, तिथं ते कधी बंदच पडलेलं नाही. शाहिराच्या मागं झीलकरी 'जी जी जी' कसं उचलतेत ते बघा अन् तुमच्या कोरसला तेच करा, पब्लिक दुसऱ्याच ओळीला सोबत येतं.

पहिला कार्यक्रम गणपती मंडळाचा धरा. अध्यक्षाला 'रॉक' म्हणू नका, 'मराठी गाण्याचा बँड' म्हणा, एक आरती आधी वाजवा, मग वीस मिनिटं तुमची. साऊंडवाल्याला दुपारीच भेटून त्याच्या टॉपवर (वरच्या स्पीकरवर) गिटार किती सहन होते ते बघून घ्या अन् त्याला चहा पाजा, कारण रात्री फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरची सरकपट्टी) त्याच्याच हातात असतोय. दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सगळ्यात भारी गाणं शेवटी ठेवू नका, पोलीस साडेनऊपासूनच घड्याळ दाखवायला लागतेत. सगळ्यात बारीक तार दोन जादा घ्या, ती तुटतेच.