भेंडीतलं तण: या चुका टाळा

भेंडीचं खरं नुकसान पेरणीनंतरच्या दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यातलं तण करतं. मजूर मिळेनात म्हणून या काळातली खुरपणी लांबली, तर पुढे रान आरशासारखं केलं तरी खुरटलेलं झाड भरून येत नाही. पहिली खुरपणी १५-२० दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांनी, दोन्ही वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना. रान ओलं असताना खुरपलेला घोळ आणि केना जागेवरच पुन्हा मुळं धरतात. म्हणून उपटलेलं तण सरीत टाकू नका, रानाबाहेर न्या.

‘पेंडीमेथॅलिन मारलं, फरकच पडला नाही’ ही तक्रार नेहमीची. हे तणनाशक उगवणारं बी मारतं, उगवलेलं तण नाही. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ढेकळं फोडलेल्या ओलसर जमिनीवरच ते मारायचं. ३० ईसी (३० टक्के तीव्रतेच्या) औषधाचं प्रमाण साधारण एकरी १ लिटर, २०० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली. मात्र हा हिशेब एकरी तेरा-चौदा पंप बसले तरच खरा. आधी नुसतं पाणी फवारून पाहा आणि लेबल वाचा. नोझल सपाट पट्ट्यात फवारणारं हवं. मागे सरकत फवारा, पायाखाली औषधाचा थर मोडला की तिथेच तण उगवतं.

लव्हाळ्यावर मात्र हे चालत नाही. खुरप्याने वरचं पातं तुटतं, खालच्या गाठी पुन्हा फुटतात. रोटाव्हेटरने तर गाठींची साखळी तुटून त्या रानभर पसरतात. प्लॅस्टिक मल्चिंगही तो भोसकून वर येतो. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून गाठी उन्हात वाळवा, वेचून काढा. तरीही लव्हाळा दाट असेल, तर त्या तुकड्यात यंदा भेंडी नकोच.

२,४-डी हे तणनाशक मारलेला पंप भेंडीला वापरू नका. कपाशीची ही भावकी, अंशमात्र औषधानेही पानं आक्रसून बेडकाच्या पायासारखी होतात. शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेला फवाराही तेवढंच करतो. बऱ्याचदा हा विषाणू समजून कीटकनाशकावर पैसे जातात. केवडा या विषाणू रोगात शिरा पिवळ्या पडतात, इथे पान अरुंद होऊन वळतं.

दीड महिन्यानंतर खोल कोळपं घालू नका, वरची मुळं तुटून फुलं गळतात. मोठं तण बी धरण्याआधी हाताने उपटा. बांधावरची पेटारी आणि ओसाडी ही तणंही काढा, तिथे केवडा पसरवणारी पांढरी माशी टिकते.